जुना पेशंट की नवा?

खिडकीतल्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "जुना पेशंट की नवा?"

साधा प्रश्न, पण मला उत्तर सुचेना. ऑक्टोबर २०२२ ची गोष्ट. नागपूरच्या कॅन्सरच्या दवाखान्यात मी पाच वर्षांनी पाय ठेवत होतो. पांढरकवड्याहून पहाटेची गाडी धरून मुलगा आणि मी आलो होतो. पिशवीत २०१४ ची फाईल, तिच्या कडा कोठीतल्या उंदरांनी कुरतडलेल्या. जुना म्हणावं, तर मी केव्हाच बरा होऊन घरी गेलेला माणूस. गावात पेढेसुद्धा वाटून झालेले. नवा म्हणावं, तर शेकाचा, म्हणजे किरणांच्या उपचाराचा, विभाग कुठल्या जिन्यापाशी आहे आणि तिथला कुठला पंखा फिरत नाही, हेही मला पाठ. शेवटी मुलगाच म्हणाला, "जुना." तिनं नंबर टाकला आणि म्हणाली, "काका, शेवटची तारीख २०१७ ची दिसून रायली. मधात आलेच नाही का?"

मी कोरडवाहू शेतकरी. केळापूर तालुका, जिल्हा यवतमाळ, अकरा एकर काळं वावर, पराटी (कपाशी) आणि तूर, अलीकडे सोयाबीन. शिक्षण बारावी. एकोणिसाव्या वर्षी खर्रा लागला. विदर्भाबाहेरच्यांना सांगावं लागतं म्हणून सांगतो: बारीक केलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटला की खर्रा होतो. आमच्याकडे पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी पन्नी पुढे होते. निंदणाच्या दिवसांत मजुरीसोबत खर्ऱ्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात. जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली तेव्हा मी इतरांसारखाच हसलो होतो, कारण आपण तर पुडी खातच नव्हतो, आपला ताजा माल.

पहिल्या वेळेचं फार लांबवत नाही, कारण ते दुःख पुष्कळांनी पाहिलेलं आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये उजव्या गालाचं ऑपरेशन झालं. गालासोबत खालच्या जबड्याचा तुकडा गेला, मानेतल्या गाठी काढल्या आणि खड्डा भरायला छातीचं मांस कातडीसकट वर आणून लावलं. (छातीवर केस असतात, ते गालाच्या आतही उगवतात. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. शेकानं बरेच गळाले.) मग तीस शेक, आठवड्याचे पाच, असे सहा आठवडे. तोंडावर जाळीचा मुखवटा टेबलाला ठोकून बसवतात, मान हलू नये म्हणून. एप्रिल-मेचं नागपूर, तोंडात फोड आणि नाकातून नळी. केशरी रेशनकार्डावर सरकारी योजनेतून बहुतेक खर्च निघाला. त्यातही घरातली दोन बैलांची जोडी गेलीच.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो, ती इथून सुरू होते.

शेक लाळेच्या ग्रंथींवर पडतो आणि तोंड कोरडं होतं. कोरडं म्हणजे कसं, तर भाकरीचा घास तोंडात फिरतच राहतो, गिळायचा म्हटलं की पाण्याचा घोट हवा. रात्री जीभ टाळूला चिकटते. ठेचा तर सोडाच, साध्या वरणातली मिरची झोंबते. वऱ्हाडात जन्माला येऊन बिनतिखट खाणं काय असतं, ते आमच्या सुनेला विचारा, तिला दोन वेगळ्या भाज्या कराव्या लागायच्या. त्या वर्षी दिवाळीनंतर एका तेरवीला गेलो. जेवण झाल्यावर कुणीतरी कातरलेल्या सुपारीचं खांड हातावर ठेवलं. तोंडात टाकलं, आणि तोंडाला पाणी सुटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मला वाटलं, औषध सापडलं.

तंबाखू नाही, चुना नाही, नुसती सुपारी. देवापुढे गणपती म्हणून मांडतो ती. तिच्यात कसलं आलं विष? तपासणीला गेलो की डॉक्टर विचारायचे, "तंबाखू?" मी छातीवर हात ठेवून "बंद" म्हणायचो, आणि ते खरंही होतं. सुट्टीच्या कागदावर 'तंबाखू-सुपारी पूर्ण बंद' असं लिहिलेलं होतं. मी त्यातला पहिला शब्द पाळला, दुसरा वाचलाच नाही.

तपासण्या पहिल्या वर्षी दर दोन महिन्यांनी होत्या, पुढे तीन, मग सहा. २०१७ च्या हिवाळ्यात गुलाबी बोंडअळीनं पराटी खाल्ली. बोंड फोडलं की आत अळी आणि कवडी झालेला कापूस. त्या साली आमच्या जिल्ह्यात काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. जाण्यायेण्याचे, राहण्याचे दीड-दोन हजार त्या हंगामात फार होते. डिसेंबरची तारीख चुकली. एक चुकली की पुढची आपोआप चुकते. फेब्रुवारी २०१९ ला पाच वर्षं झाली, बायकोनं पुरण घातलं. "पाच वर्सं झाले म्हन्जे सुटला," असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. माझ्या चुलत्यानं त्यावर आणखी वरची सांगितली: "देवी एकदा निंगाल्या की परत निंगत नाई, तसंच हे. तुले आता कायचा कॅन्सर!" मी ऐकलं. ऐकायला बरं वाटलं. नंतर टाळेबंदी आली, तेव्हा तर कुणी दवाखान्याचं नावही घेत नव्हतं.

२०२२ चा पावसाळा आमच्या भागात वाईट गेला. जुलैपासून वावरात पाणी. पोळ्याच्या दिवशी जेवताना डाव्या गालाला भाजी झोंबली. उजव्या नाही, डाव्या. बायकोनं मोबाईलचा टॉर्च धरला, चमच्याच्या दांड्यानं गाल बाजूला केला. "अवो, पांढरं दिसून रायलं. मधात लाल हाय." मी म्हटलं, दात लागला असंल.

तालुक्याच्या एका डॉक्टरला दाखवलं. त्यांनी जुनी खूण पाहिली, 'उजवी बाजू चांगली आहे' म्हणाले, आणि डाव्याला लावायला जेल आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. असे पाच आठवडे गेले. त्यांना एकट्याला दोष देणार नाही, सोयाबीन काढणीला आली होती आणि मलाही जेलच हवं होतं. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर तुकडा तपासायचाच, ही गोष्ट २०१४ मध्ये वॉर्डातल्या भिंतीवर लिहिलेली मी रोज वाचायचो. सुनेनं मात्र ऐकलं नाही. दसरा झाला तशी ती म्हणाली, "बाबा, सोयाबीन मी पायतो. तुमी नागपूरले जा."

तर खिडकीवरच्या मुलीनंतर ओपीडीची रांग. पहिलं ऑपरेशन केलेले डॉक्टर बदलून गेले होते, नवे तरुण सर्जन होते. त्यांनी आधी उजवी बाजू बोटानं चाचपली, मान चाचपली, मग डावा गाल. मला तोंड उघडायला सांगितलं आणि बोटं उभी लावून मोजलं: दोन बोटं. नीट उघडणाऱ्या तोंडात तीन बसतात. गालाच्या आत दोरीसारखे ताठ पट्टे झाले होते. ते म्हणाले, "हे सुपारीनं होतं. खर्रा सुटून आठ वर्षं झाली म्हणता, मग हे पट्टे एवढे ताजे कसे?"

मी छातीवर हात ठेवला, पण या वेळी "बंद" म्हणता आलं नाही. "साहेब, नुसती सुपारी..." मुलगा माझ्याकडे पाहतच राहिला. त्याला माहीत नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं. सुपारीची पुडी मी बैलाच्या गोठ्यात वळचणीला ठेवायचो. चोरून खात होतो म्हणजे आतून मलाही कळत होतं, हे मला त्या खुर्चीवर बसल्यावर उमगलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं सुपारी हीच, तंबाखूशिवायसुद्धा, माणसात कॅन्सर करते असं २००४ मध्ये जाहीर केलं आहे. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. जाहीर झालं होतं ते मी आजारी पडायच्याही दहा वर्षं आधी. देवापुढच्या सुपारीचा मुद्दा मी मांडून पाहिला. ते म्हणाले, "देव चावत नाही ना."

त्याच दिवशी तुकडा काढला. रिपोर्टला आठ दिवस. त्या आठ दिवसांत मी सोयाबीन काढून घेतलं, बाजारात नेलं, भाव पडला तरी विकलं. झोप लागत नव्हती म्हणून रात्री उठून उगाच धुऱ्यावर जाऊन बसायचो.

रिपोर्ट हातात आला. मुलानं विचारलं, "परत आला का, साहेब?"

"परत नाही आला. हा दुसरा आहे."

मला फरक कळेना. कॅन्सर तो कॅन्सर. ते म्हणाले, "जुन्या गाठीची एखादी पेशी मागे राहिली आणि ती वाढली, तर आम्ही परत आला म्हणतो. ते बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत होतं, आणि जुन्या जागी किंवा मानेत. तुमची जुनी जागा साफ आहे. आठ वर्षं झालीत. हा दुसऱ्या गालावर, स्वतंत्र उगवलाय. तुम्ही शेतकरी ना? मग तुम्हाला लवकर कळेल."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत मांडतो. १९५३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तोंडाचा कॅन्सर झालेल्या ७८३ रुग्णांचा अभ्यास केला होता. गाठीच्या भोवतालची, वरून चांगली दिसणारी कातडी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर तीही बिघडलेली निघाली. म्हणजे तंबाखू-सुपारीचा रस काही एकाच जागी बसून राहत नाही, तो तोंडभर फिरतो, घशात उतरतो, अन्ननलिकेला लागतो. तीस वर्षांत ते सगळं अस्तर थोडं थोडं बिघडतं. एका जागी आधी गाठ झाली, ती कापली. बाकीचं अस्तर तिथेच आहे. "इंग्रजीत आम्ही याला फील्डच म्हणतो," ते म्हणाले.

"म्हणजे वावर," मी म्हणालो.

"वावर."

एवढं बोलल्यावर मला सगळं दिसलंच. २०१७ मध्ये आम्ही अळी लागलेली बोंडं वेचून जाळत होतो, आणि शेजारच्या पराटीवर पतंग अंडी घालत होते. बोंड जाळलं म्हणजे वावर साफ झालं, असं कुणी शेतकरी म्हणणार नाही. मी मात्र माझ्या तोंडाबद्दल आठ वर्षं तेच म्हणत होतो. वरून सुपारीचं पाणी देत होतो.

तोंड-घशाच्या कॅन्सरमधून बरे झालेल्यांत दरवर्षी ढोबळमानानं शंभरातल्या तीन-चार जणांना असा दुसरा होतो, असं ते म्हणाले. वाचताना तीन-चार फार वाटत नाहीत. पण ते दरवर्षीचे आहेत. पाच वर्षं झाली की हा हिशेब थांबत नाही; थांबते ती पहिल्याची भीती. हे मला कुणी २०१९ मध्ये, पुरणपोळीच्या ताटावर सांगायला हवं होतं.

दुसरा आहे म्हणण्यात एक चांगलीही गोष्ट होती. त्याचा टप्पा नव्यानं मोजतात. माझा १.६ सेंटिमीटरचा होता, मानेत गाठ लागत नव्हती, म्हणजे पहिला टप्पा. २०१४ मध्ये गाठ जबड्यापर्यंत गेल्यावर मी पोचलो होतो. वाईट गोष्ट ही की शेकाचा कोटा बहुतेक संपलेला. त्याच भागावर दुसऱ्यांदा पुरता शेक देणं जोखमीचं असतं, जबड्याचं हाड मरू शकतं. म्हणून जे करायचं ते सुरीनंच, आणि सुरीनं भागण्याइतकं लहान असतानाच.

पण सुरी लावण्याआधी बाकीचं वावर पाहायचं होतं. सकाळपासून उपाशी, घशात कडू फवारा, आणि दुर्बीण खाली. अन्ननलिका, स्वरयंत्र. छातीचा सीटी स्कॅन. एकाच वेळी दोन जागी सापडणारे रुग्णही असतात, म्हणून हे करतात. त्या दिवशी मी ज्या देवाला सुपारी वाहत होतो त्यालाच नवस बोललो. सगळं साफ निघालं.

दुर्बिणीच्या खोलीबाहेर वणीकडच्या एक बाई बसल्या होत्या, साधारण माझ्याच वयाच्या. मी माझं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "भाऊ, माह्यं दुसरंच हाय." त्यांच्या छातीचं (स्तनाच्या कॅन्सरचं) ऑपरेशन २०१६ मध्ये झालेलं, नंतर रोजची टॅमॉक्सिफेनची गोळी. पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती आणि अचानक अंगावरून लाल गेलं. थोडंसंच. लाजेनं दोन महिने बोलल्या नाहीत. सोनोग्राफी झाली, गर्भपिशवीतला तुकडा काढला, साधा मांसाचा कोंब निघाला. ती गोळी दुसऱ्या छातीत कॅन्सर व्हायची शक्यता बरीच कमी करते, पण पाळी गेलेल्या बाईच्या गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढवते. एकच गोळी एक दार लावते, दुसरं जरासं उघडते. "म्हून डॉक्टरनं सांगतलं, गोळी आपल्या मनानं बंद नाई करायची, आन् डाग दिसला तं एक दिवस नाई थांबायचं." त्यांच्या आईला अंडाशयाचा आणि मावशीला छातीचा होऊन गेला होता, म्हणून घराण्यातूनच काही आलंय का हे पाहायला रक्ताची जनुकांची तपासणी सांगितली होती. त्यांच्या मुलीसाठी ते महत्त्वाचं होतं. मला वाटायचं खर्रा खाणाऱ्यालाच असा दुसरा फटका बसतो. त्या बाईंनी आयुष्यात सुपारी चाखली नव्हती. प्रत्येकाचा दुसरा वेगळ्या वाटेनं येतो. कुणाचा सवयीतून, कुणाचा रक्तातून, कुणाचा पहिल्याच्या औषधातून. वीस वर्षांपूर्वी कोवळ्या वयात छातीवर शेक घेतलेल्या पोरींना तर लवकरच छातीची तपासणी सुरू करावी लागते, हेही मी त्याच बाकावर ऐकलं.

मग मानेचा प्रश्न आला. डाव्या बाजूला गाठ लागत नाही, तर मान कापायची कशाला? २०१४ चा उजवा खांदा अजून वर जात नव्हता, डवरणी करताना कळतं. मी नाही म्हणणार होतो. डॉक्टरांनी घाई केली नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या रुग्णांवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये छापून आला, तो त्यांनी समजावला. सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये ज्यांच्या मानेच्या गाठी गालाबरोबरच काढल्या, त्यांच्यातले तीन वर्षांनी शंभरात ८० जिवंत होते. गाठ दिसली तर काढू म्हणून थांबलेल्यांतले साडेसदुसष्ट. मुलानं माझ्याकडे पाहिलं. खांद्याचं काय ते पुढे पाहू, म्हटलं.

ऑपरेशन भाऊबीज झाल्यावर, नोव्हेंबरात. दवाखान्यातल्या आरोग्यमित्रानं महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेत फाईल चढवली; मंजुरी येईपर्यंत पाच दिवस धर्मशाळेत खिचडी. गालातला भाग काढून मांडीची कातडी लावली, ते ताठ पट्टेही कापले. दहा दिवसांनी रिपोर्ट: कडा साफ, मानेतल्या काढलेल्या सगळ्या गाठी साफ. शेक लागला नाही. पहिल्या वेळी सहा महिने गेले होते, या वेळी मी डिसेंबरात कापूस वेचायला उभा होतो. उभा म्हणजे धुऱ्यावर, खुर्ची टाकून.

तेव्हापासूनचं माझं वेळापत्रक लिहितो. कुणाला उपयोग झाला तर झाला.

महिन्यातून एकदा, पहिल्या सोमवारी, बाजारच्या दिवशी, आंघोळीनंतर आरसा आणि टॉर्च. दोन्ही गाल आतून, ओठ उलटून, जीभ वर करून खालचा भाग, जिभेच्या दोन्ही कडा, टाळू, मग बोटांनी मान. पांढरं, लाल, न भरणारं, टणक, यातलं काहीही पंधरा दिवसांवर राहिलं की नागपूर. कृषी सहायक आम्हाला सांगतो ना, कामगंध सापळा लावला म्हणजे अळी मरत नाही, पण तीन रात्री ओळीनं आठ-आठ पतंग दिसले की हालचाल करायची. आरशाचं तसंच आहे. मी लिहूनही ठेवतो, दुधाच्या कॅलेंडरवर.

तोंड उघडायचा व्यायाम: आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, दर आठवड्याला एक वाढवायची. अकरापासून सुरू केलं, आता एकोणीस. नातवाला वाटतं आजोबा खेळतात. कमी उघडणाऱ्या तोंडात मागची गाठ कुणालाच दिसत नाही, डॉक्टरलाही नाही, म्हणून याचा कंटाळा करायचा नाही.

कोरड्या तोंडासाठी पाण्याची बाटली सतत सोबत. सुपारीची आठवण आली की जिभेवर पाणी धरतो. सुरुवातीला दिवसातून वीस वेळा आठवण यायची. मी १८००-११-२३५६ या सरकारच्या तंबाखूमुक्तीच्या फुकट नंबरवर फोन केला, तिथल्या माणसाला आधी सांगितलं की मी तंबाखू नाही, सुपारी खातो. तो हसला नाही, हे मला फार भावलं. दारू तर मी पोळ्यापुरती घ्यायचो, तीही बंद. तंबाखूच्या वावरात दारू म्हणजे खत आहे. दात दर सहा महिन्यांनी दाखवतो, कारण शेक घेतलेल्या जबड्यातला दात उगाच उपटायचा नसतो. शेकानं गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावते म्हणून रक्त तपासतात. माझी मंदावलीच होती, रोज सकाळी एक गोळी. दोन वर्षं मी ज्याला म्हातारपण समजत होतो ते हेच होतं.

जावयानं 'ताकदीच्या' कॅप्सूल आणल्या होत्या, हजाराच्या वर किमतीच्या, डब्यावर गाजराचं चित्र. कॅन्सर परत होऊ देत नाही म्हणे. डॉक्टरांना दाखवल्या. ते म्हणाले, फिनलंडमध्ये सिगारेटवाल्या हजारो माणसांना गाजरातलंच बीटा-कॅरोटीन गोळीतून देऊन पाहिलं होतं, १९९४ मध्ये निकाल आला, गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी नाही, जास्त निघाला. गाजर खा, डबा परत करा. जावई दुकानदाराशी भांडला, पण पैसे काही परत मिळाले नाहीत.

नागपूरच्या तारखा आता चुकत नाहीत. एसटीत कॅन्सरच्या रुग्णाला सवलत मिळते, दवाखान्याचं प्रमाणपत्र फाईलला लावून ठेवलंय. फाईल लोखंडी पेटीत.

राहिली एक गोष्ट. २०१४ मध्ये माझ्याबरोबर शेक घेणारे आम्ही चौघं होतो, एकाच धर्मशाळेत. एक त्याच वर्षी गेला. एकाचा फोन लागत नाही. तिसरा मारेगावकडचा, माझ्यासारखाच उजव्या गालाचा, माझ्याहून सहा वर्षं लहान. त्याला फोन केला तर म्हणाला, "मी तं ठणठणीत हाय ना भाऊ. आता अकरावं वरीस लागलं. दवाखान्याचं नावच काढू नको." मी समजावलं, वावराची गोष्ट सांगितली. "हाव, हाव" म्हणत राहिला.

मागच्या महिन्यात त्याच्या गावी गेलो. चहा झाला. घरच्यांसमोर नको म्हणून त्याला अंगणातल्या कडुनिंबाखाली घेतलं आणि खिशातून टॉर्च काढला. तो हसायला लागला, मग चिडला, मग म्हणाला, "खर्रा सोडून दहा वर्सं झाले, माह्या पोराची शप्पथ." मी म्हटलं, माझा इश्वास हाय, फक्त तोंड उघड.

खूप वेळानं उघडलं. दीड बोट. उजवीकडची खूण गुळगुळीत होती. मी टॉर्च डावीकडे वळवला, गाल आणि हिरडीच्या मधात सुपारीचं खांड होतं.

"थुक," मी म्हणालो.